बारीतली भाषा: कोणता शब्द ठेवावा, कोणता काढावा

शक्ती-तुरा म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांनी गाण्यातून एकमेकांना सवाल-जवाब करण्याचा आमचा कोकणातला खेळ. त्याच्या बारीची, म्हणजे सामन्याची, सुपारी देताना आमच्याकडे बिदागी ठरते, जेवणाची बोली होते, आधी कोण उभा राहणार याचा निकाल लागतो, आणि भाषेचा विषय निघालाच तर तो "जरा सांभाळून घ्या, बायाबापड्या असतात" एवढ्या एका वाक्यात संपतो. पुढे रात्र चढते, टोमण्यांची फेरी रंगात येते आणि एखादा शाहीर असे काही बोलून जातो की मागच्या रांगेतले एखादे कुटुंब मुकाट्याने उठून मांडवाबाहेर पडते. दुसऱ्या दिवशी वाडीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कलेला लगाम घालू नका. दुसरा म्हणतो, असले कार्यक्रमच बंद करा. संगमेश्वर तालुक्यातल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीत बरीच वर्षे काढल्यामुळे हे दोन्ही तट मी जवळून पाहिले आहेत आणि काही काळ दोन्हीकडे उभाही राहिलो आहे. पुढील मार्गदर्शन मंडळाच्या चिटणीसांसाठी, निवेदकांसाठी आणि नव्याने उभे राहणाऱ्या शाहिरांसाठी आहे. डबलबारी भजन, नमन आणि दशावतार या कोकणातल्या इतर लोककलांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

शब्दांची यादी करू नका

वाद झाला की प्रत्येक मंडळ पहिली गोष्ट करते ती म्हणजे वर्ज्य शब्दांची यादी. आमच्या मंडळानेही एका वर्षी पाठकोऱ्या कागदावर चौदा शब्द लिहिले. त्यात पहिला होता "आयचा घो". मालवणीत हाच "आवशीचो घोव" होतो. घो किंवा घोव म्हणजे नवरा; आईचा नवरा म्हणजे बाप. म्हणजे अर्थ पाहिला तर शिवी उरतच नाही, तरी २०१० साली एका मराठी चित्रपटाच्या नावात हे शब्द आले तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. आमच्याकडे जाळ्यात बांगडा भरघोस आला तरी हाच उद्गार निघतो आणि भर समुद्रात इंजिन बंद पडले तरी हाच. यादीतला दुसरा शब्द होता "मेल्या", जो आमच्या आजीने आयुष्यभर नातवंडांना हाक मारण्यासाठी वापरला.

त्या यादीत "कोळणीसारखी भांडतेस" हे नव्हते, "वांझोट्याने तोंड दाखवू नये" हे नव्हते, कारण त्यांत घाणेरडा म्हणावा असा एकही शब्द नाही. यादी करणाऱ्यांत मुंबईहून आलेले दोन चाकरमानी होते. त्यांना खरी लाज गावच्या बोलीची वाटत होती आणि ती त्यांनी सभ्यतेच्या नावाखाली कागदावर उतरवली, असे माझे आजही मत आहे. प्रमाण भाषेच्या कानाला कोकणी बोली मुळातच शिवराळ वाटते. त्या कानाने यादी केली तर बोलीच कापली जाते आणि सभ्य शब्दांत केलेला अपमान मात्र सुखरूप सुटतो.

शिवी काढून वाक्य वाचा

यादीपेक्षा एक साधी रीत उपयोगी पडते. ज्या ओळीबद्दल शंका आहे ती कागदावर लिहावी, तिच्यातला शिवराळ शब्द खोडावा आणि उरलेले वाक्य शांतपणे वाचावे. "अरे मेल्या, तुझ्या कवनाला ना शेंडा ना बुडखा" या ओळीतून "मेल्या" काढला तर कवनावरची टीका उरते. ती टीका शाहिराला झोंबेल, पण त्यासाठीच तर तो उभा आहे. ओळ तशीच राहू द्यावी आणि "मेल्या"ही राहू द्यावा, कारण त्याच्याशिवाय तिला चव नाही. आता दुसरी ओळ घ्या: "आपण गाता छान, बुवा, पण आपल्या वाडीने कधी देवळाची पायरी पाहिली होती का?" हिच्यात खोडण्यासारखा शब्दच नाही. "आपण" आहे, "बुवा" आहे, स्तुतीही आहे. तरीही ज्या कोकणात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या कोकणात या ओळीचा अर्थ मांडवातल्या लहान मुलालाही कळतो. ही ओळ काढावी लागेल, आणि "मी कुठे वाईट शब्द वापरला?" हा बचाव ऐकून घेण्याचे कारण नाही.

या रीतीने निम्म्या शंका फिटतात. उरलेल्यांसाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ज्याच्यावर शब्द पडतो आहे, त्याला उलट बारी, म्हणजे उत्तर द्यायची पाळी, आहे का?

बारीची रचना आठवा. मधोमध शाहीर आणि त्याचे साथीदार, ढोलकी, झांज. भोवती पायात चाळ बांधून फेर धरलेले नाचे. शक्तीवाला शक्तीचा पक्ष घेतो, तुरेवाला शिवाचा, आणि एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याने उत्तर द्यायचे असते. चढाओढीतला कडवटपणा सहन होतो तो याच बांधणीमुळे, कारण ज्याला टोमणा मारला त्याच्या हाती पुढच्या अर्ध्या तासात माईक येणार असतो. त्यामुळे शाहिराने शाहिराच्या आवाजावर, कवनावर, पुराणाच्या कच्च्या अभ्यासावर, गेल्या वर्षी अर्ध्यावर सोडलेल्या बारीवर हवे ते बोलावे. पोटावर आणि टकलावरही बोलावे, समोरचा खेळाडू असेल तर. मात्र ज्याच्या हाती माईक येणारच नाही, त्याच्यावर बोलताना हा सगळा हिशेब बदलतो.

आमच्या मांडवात हे फार वाईट रीतीने कळले. एका पक्षाचा ढोलकीवाला सतरा-अठरा वर्षांचा होता. बोलताना अडखळायचा, पण हात असा की ढोलकीने बोलावे. समोरच्या शाहिराने त्याच्या अडखळण्याची नक्कल केली. तीन-चार शब्दांचीच, पण हुबेहूब. मांडव हसला, आणि खोटे कशाला बोलू, मीही हसलो. पुढच्या कडव्याला ढोलकीची एक थाप चुकली. त्याच्या शाहिराने वळून पाहिले, मुलाने मान खाली घातली आणि बारी संपेपर्यंत ती वर केली नाही. उत्तर द्यायला त्याच्या शाहिराने माईक घेतला, पण त्याने समोरच्या शाहिराच्या बायकोवर टोमणा मारला. म्हणजे एका निःशस्त्राच्या बदल्यात दुसरे निःशस्त्र माणूस ओढले गेले, आणि ती बाई तर मांडवात आलेलीही नव्हती. त्या रात्री एकाही शाहिराने यादीतला एकही शब्द उच्चारला नव्हता.

म्हणून सुपारी देतानाच दोन्ही शाहिरांना समोरासमोर बसवून सांगावे: साथीदार, नाचे, प्रेक्षक, घरची माणसे आणि मांडवात नसलेली माणसे टोमण्याच्या बाहेर. हे तोंडी ठेवू नये. बिदागीच्या कागदावर एक ओळ लिहून दोघांची सही घ्यावी. सहीला कायद्याची फार किंमत नसेल, पण रात्री आठवण करून देताना "तुम्हीच कबूल केले होते" असे म्हणता येते. जाणता शाहीर ही अट खुशीने मान्य करतो, असा माझा अनुभव आहे. ज्याची बारी प्रेक्षकांतल्या कोणाला तरी हिणवल्याशिवाय चढतच नाही, तोच कुरकुर करतो.

काही ठिकाणे जिथे पाय हमखास घसरतो

जातीचा उल्लेख टोमण्यातून येतो त्यापेक्षा जास्त वेळा निवेदनातून येतो. कोकणातल्या वाड्यांची नावे अनेकदा जातीवरून पडलेली आहेत, आणि पूर्वीच्या काही नावांत तर अपमान गोठून राहिला आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी तोंडातली जुनी नावे जायला वेळ लागतो. माईकवरून "अमुक वाड्यातल्या मंडळींनी पुढे यावे" असे म्हणण्याआधी निवेदकाने त्या वाडीतल्या माणसाला विचारावे की तुमच्या वाडीचे नाव काय सांगू. तो जे सांगेल ते नाव. यावर चर्चा करायची नाही, इतिहास सांगायचा नाही, "आम्ही लहानपणापासून तेच म्हणतो" असे म्हणायचे नाही.

बाईवरच्या शिव्यांचे गणित विचित्र आहे: भांडण दोन पुरुषांचे आणि मार बसतो आई-बहिणींना. आता काही बाऱ्यांत बायाही शाहीर म्हणून उभ्या राहतात. त्यांना बारी आहे, म्हणून त्यांच्या कवनावर टोमणा मारायला कोणतीही हरकत नाही. सवलत दिली तर तो आणखी एक अपमान होईल. परंतु पुरुष शाहिराला जे कोणी विचारत नाही ते तिला विचारायचे नाही: रात्री घराबाहेर कशी, नवऱ्याने परवानगी दिली का, नाच्यांबरोबर कशी फिरते. नमनातल्या मावशीची भूमिका पुरुष करतो आणि तिचे द्व्यर्थी विनोद ही त्या खेळाची जुनी गंमत आहे. मावशीने स्वतःहून केलेला विनोद राहू द्यावा, पण तिचे सोंग काढणाऱ्या मुलाला चहाच्या टपरीवर त्याच नावाने चिडवले जात असेल तर मांडवात त्यावर आणखी फोडणी घालू नये. तृतीयपंथी माणसांसाठी वापरले जाणारे हिणकस शब्द तर या सोंगाच्या आडून फार सहज येतात. तिथे निवेदकाने कान उघडे ठेवावेत.

तिसरे ठिकाण अलीकडचे आहे. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागा राखायला आणि मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेली माणसे आता गावोगाव आहेत. ती मांडवाच्या कडेला उभी राहून बारी ऐकतात, अर्धी भाषा कळते, अर्धी नाही. त्यांच्या डोळ्यांवर, उच्चारावर केलेला विनोद त्यांना कळत नाही असे आपण धरून चालतो. कळतो. सगळ्यांना सरसकट "बहादूर" म्हणण्याऐवजी ज्याच्या बागेत ती राहतात त्याला विचारून नावे घेतली, तर एवढ्यानेच पुष्कळ काम होते.

शिमग्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवावी. होमाभोवती, म्हणजे होळीच्या जाळाभोवती, फाका घालणे (शिवराळ ओळी मोठ्याने ओरडणे), बोंब मारणे ही वर्षातून एकदा, ठरलेल्या जागी, सगळ्यांच्या संमतीने मिळालेली मोकळीक आहे. तिला "घाणेरडी प्रथा" म्हणून पुसून टाकणारे सुधारक मला पटत नाहीत. पण तिच्या मर्यादा आमच्या जुन्या माणसांना ठाऊक होत्या. फाका होमाशी राहते, पालखी दारात आल्यावर तोंडात गाऱ्हाणे, म्हणजे देवाची विनवणी, असते. कुणाच्या दारासमोर थांबून त्याच्या घरातल्या माणसाचे नाव घेऊन फाका घातली, की तो शिमगा नव्हे, जुने वैर काढणे झाले. त्यात आता मोबाईलची भर पडली आहे. होमाजवळची फाका तीस सेकंदांची चित्रफीत होऊन वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर गेली की ती जागा, ती वेळ आणि ती संमती या तिन्हींपासून सुटते. आमच्याकडे होमाजवळ चित्रीकरण करू नये असे मानकऱ्यांकडूनच सांगितले जाते, आणि मानकऱ्याचे ऐकतात.

कायद्यापुरते

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषणस्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंधांची आठ कारणे मोजून सांगितली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. "वाजवी" हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. "भावना दुखावणे" हे कारण या आठांत नाही, हे प्रत्येक चिटणीसाने पाठ करून ठेवावे, कारण तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा तेवढेच बोलतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तेव्हा चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांतला भेद स्पष्ट केला: पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, चिथावणीपाशी रेषा येते.

याचा अर्थ मांडवात काहीही चालते असा नव्हे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमक्ष जातीच्या नावाने शिवीगाळ करणे किंवा हेतुपुरस्सर अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात सर्वसाधारणपणे अटकपूर्व जामीन मिळत नाही. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमक्ष मुद्दाम हिणवणे हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. ढोलकीवाल्याच्या प्रसंगी मंडळातल्या एकालाही हे माहीत नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणची अश्लील गाणी कलम २९६ मध्ये, समाजगटांत वैर पसरवणे १९६ मध्ये, धार्मिक भावनांचा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने अपमान २९९ मध्ये आणि बदनामी ३५६ मध्ये आहे. पण कायद्याला कमरेएवढे पाणी समजून चालावे; तेवढ्या खोलीपर्यंत जाण्याची वेळ मंडळाने येऊच देऊ नये.

काढू नये ते

अपशब्दांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली की वर्षभरात तिच्याकडे पहिली मागणी गावातल्या वजनदार माणसाकडून येते. पाण्याच्या टाकीचे काम तीन वर्षे रखडले म्हणून शाहिराने सरपंचावर कवन केले, तर ते "आक्षेपार्ह" ठरवण्याची मागणी होते. बारसूच्या वादग्रस्त रिफायनरी प्रकल्पावर कोणी बाजूने किंवा विरोधात पद रचले तर "राजकारण नको" असे म्हटले जाते. अशा वेळी समितीने ठाम राहावे. सरपंचाला ग्रामसभा आहे, आमदाराला व्यासपीठ आहे. त्यांना बारीची वाण नाही. त्यांच्या कामावर बोलताना शब्द बोचरा असला तरी चालेल, त्यांच्या जातीवर किंवा घरातल्या बाईवर गेला तर चालणार नाही. म्हणजे नियम तोच, फक्त तो इथे शाहिराच्या बाजूने लागतो.

ज्याला आता पॉलिटिकल करेक्टनेस म्हणून नाके मुरडली जातात त्यातला मोठा भाग माझ्या मते साधी माणुसकी आहे. पण त्याच नावाने अडचणीचा विषयही दडपता येतो, हे कोकणाला शिकवायला नको. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोह म्हणून. मूळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे "समाजस्वास्थ्य" मासिकातून लैंगिक आरोग्यावर लिहीत, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. दलितांच्या अपमानाविरुद्ध लढणारा माणूसच अश्लील ठरवलेल्या मजकुराचा बचाव करतो, यात विसंगती दिसत असेल तर वर सांगितलेली रीत वापरून पाहावी: कर्व्यांच्या मजकुरातून लोकांना अश्लील वाटलेले शब्द खोडले तर खाली ज्ञान उरते, कोणाचाही अपमान उरत नाही.

कार्यक्रमाच्या रात्री

सर्वांत मोठा धोका शाहिराकडून नसतो, चिठ्ठ्यांकडून असतो. प्रेक्षक एकशे एक रुपयांचे बक्षीस आणि त्याबरोबर चिठ्ठी पाठवतात, निवेदक ती घाईघाईने माईकवर वाचतो आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात येते की दुसऱ्या वाडीतल्या कोणाचे तरी लफडे आपल्या तोंडून जाहीर झाले. चिठ्ठी आधी मनात पूर्ण वाचावी. बक्षिसाचा आकडा आणि देणाऱ्याचे नाव एवढेच जाहीर करावे, मजकूर नको. या एका नियमाने आमच्याकडची अर्धी भांडणे थांबली.

शाहीर घसरला तर माईक बंद करू नये. माईक बंद झाला की तो हुतात्मा होतो आणि उरलेली बारी त्याच्यावरच्या अन्यायाची होते. कडवे संपू द्यावे, मग ठरलेल्या एकाच माणसाने, शक्यतो दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्याने, जवळ जाऊन कानात सांगावे. बहुतेक शाहीर लगेच सावरतात. काही तर पुढच्या कडव्यात स्वतःवरच कोटी करून मोकळे होतात. तरीही तो थांबला नाही तर बारी बदलावी आणि समोरच्या पक्षाला वेळ द्यावा. ज्याचा अपमान झाला त्याला माईकवर बोलावून "तुम्हीही बोला" असे म्हणू नये. त्याला बोलायचे आहे का, हे आधी बाजूला नेऊन विचारावे. ढोलकीवाल्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा त्याने नको म्हटले. त्याला शाहिराची माफी हवी होती, पण मांडवात नको, घरी येऊन हवी होती. शाहीर गेला, भाकरी खाऊन आला.

माफीचे शब्दही सांभाळावे लागतात. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत" या वाक्यात चूक बोलणाऱ्याची नसते, दुखावून घेणाऱ्याची असते. त्याऐवजी काय बोललो, कोणाबद्दल बोललो आणि ते का चूक होते, हे तीन सरळ वाक्यांत सांगावे आणि थांबावे. ज्या गटावर चित्रफीत फिरली त्याच गटावर ते टाकावे, पण ज्याचा अपमान झाला त्याची परवानगी घेऊनच. नाहीतर ज्यांना प्रसंग माहीत नव्हता त्यांनाही माफीमुळे तो कळतो.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे. पूर्ण बारीचे ध्वनिमुद्रण मंडळाने स्वतः करून ठेवावे आणि पुढच्या गणपतीपर्यंत पुसू नये. तक्रार येते ती नेहमी तुकड्यावर येते, आणि आधी-नंतर काय बोलले गेले हे चार महिन्यांनी प्रत्येकाला वेगळे आठवते. ध्वनिफीत चिटणीसाकडे असावी. अध्यक्षाकडे नको, कारण निवडणुकीच्या वर्षी अध्यक्षाचा मोबाईल सगळ्यांच्या हातात असतो.